पाच वॅटचा अपमान

मलकापूर (कराड),
रविवार

तीर्थरूप दाजींच्या सेवेशी,

हंबीररावाचा नमस्कार. दोन्ही हात जोडून करायचा होता, पण डाव्या तळहाताला मलम लावून ठेवलं आहे, तेव्हा तूर्त एका हाताचा गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? अक्काचं ब्लडप्रेशर उतरलं का? द्राक्षांची छाटणी उरकली का, की मजूर अजून लग्नसराईतच अडकलेत? इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे घरात तीन माणसं आहेत आणि तिन्ही खाऊनपिऊन सुखरूप आहेत. त्यांतली दोन माझ्याशी बोलत नाहीत, पण ती बाब प्रकृतीच्या सदरात येत नाही. फोन सोडून पत्र का लिहितो आहे, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही फौजी सवयीनं 'मुद्द्यावर या' म्हणता, आणि मुद्द्यावर लगेच येणाऱ्या माणसाला व्याख्यानाला कुणी बोलवत नाही, हे मी तीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो.

या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात, हे आधी नोंदवून ठेवतो. मे महिन्यात आमची संयोगिता तुमच्याकडे तासगावला आली होती. तिला तुम्ही सिग्नल्समधल्या जुन्या वायरलेस सेटच्या गोष्टी सांगितल्यात, काचेचे व्हॉल्व्ह कसे निखाऱ्यासारखे लाल होतात आणि त्यांतून निघणारा आवाज कसा उबदार असतो वगैरे. (आवाज उबदार असतो म्हणजे काय, हे मला अजून कळलेलं नाही. माझा असतो असं म्हणतात.) पोरीकडे मैत्रिणीची जुनी विजेची गिटार. ही गिटार मोठी मानी वस्तू आहे. मागे अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर ती वाजत नाही, नुसती कुजबुजते. दुकानातल्या अ‍ॅम्पची किंमत ऐकून मी पोरीला स्वावलंबनावर चार शब्द सांगितले. विकत घेतलेला आवाज हा उसना आवाज असतो, मिठाच्या एका मुठीनं साम्राज्य हललं, परावलंबी समाजाचा कंठ आधी जातो आणि मग स्वातंत्र्य जातं, असं बरंच. तिनं शांतपणे ऐकलं, 'मग घरीच करते' म्हणाली आणि उठून तुम्हाला फोन लावला. माझ्या व्याख्यानानंतर कुणी खरोखर काही करायला उठल्याची ही पहिलीच वेळ. मी हादरलोच.

तुम्ही दोघांनी मिळून केलेली योजना मी पाहिली आहे. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे तिनं ती पेन्सिलीनं काढली होती, आणि निवडणुकीतल्या कित्येक जाहीरनाम्यांत याच्या पावपट विचार नसतो हे मी मान्य करतो. दोन व्हॉल्व्ह. एक गिटारचा बारीक आवाज उचलणार, दुसरा त्याला रेटून स्पीकरपर्यंत नेणार. व्हॉल्व्ह आणि स्पीकर जत्रेतल्या जुन्या तंबू थिएटरच्या भंगारातले. सांगाडा म्हणून तिच्या आईचा लाडवांचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा. विकत आणायचे ते फक्त दोन ट्रान्सफॉर्मर आणि किरकोळ सामान, तेही पोरीनं पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून. ताकद एकूण पाच वॅट. एवढ्याशा अ‍ॅम्पसमोर कॉलेजचा माइक ठेवला की हॉलभर ऐकू जातं, आणि महिनाअखेरीच्या गॅदरिंगमध्ये ती त्यावर वाजवणार. योजनेत कुठेही समिती नव्हती, अध्यक्ष नव्हता, माझं नावही नव्हतं. इतकी उघडीवाघडी योजना मी तरी पाहिली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात गावातल्या मंडळाच्या व्याख्यानमालेत माझं भाषण होतं. विषय वाचनसंस्कृती. पण बोलता बोलता विषय माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही, आणि मी काही विषयाच्या मागे धावणारा वक्ता नव्हे. मी व्यासपीठावरून घोषणा करून टाकली की या मातीतला पहिला स्वदेशी गिटार-अ‍ॅम्प्लिफायर याच मलकापुरात घडणार! टाळ्यांनी पत्रा हादरला. तिसऱ्या रांगेत बसलेली संयोगिता पदर नसतानाही तोंड झाकून घेत होती. आनंदानं, असं मी धरून चाललो. (तिच्या आईनं नंतर माझी समजूत दुरुस्त केली.)

मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब तुम्हाला ठाऊक आहेत, तुमच्या बहिणीच्या लग्नात पंगतीला बसण्यावरून रुसलेले ते. त्यांनी सकाळीच 'ध्वनिवर्धक निर्मिती समिती' नेमली. वर्गणी सुरू झाली. व्यवहार चोख हवा म्हणून संयोगिताचे शिकवणीचे पैसेही त्याच फंडात जमा करावेत, हे मीच सुचवलं. सार्वजनिक जीवनात घरापासून सुरुवात करावी लागते. तिनं पैसे दिले. देताना काही बोलली नाही, आणि तिचं हे काही न बोलणं मी संमती समजलो. पंचवीस वर्षांच्या संसारानंतरही मी ही चूक करतो.

आपल्याकडे कोणतंही यंत्र चालू होण्याआधी त्याचं पूजन होतं. ट्रॅक्टर असो, बोअर असो, नारळ फुटल्याशिवाय गडी हात लावत नाही. अ‍ॅम्पचंही रीतसर पूजन ठरलं. अ‍ॅम्प अजून तयार नव्हता, पण त्यावाचून कार्यक्रमाचं काही अडत नव्हतं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सर्वांत मोठा फोटो लालासाहेबांचा, मग माझा (फेट्यातला), मग सतरा शुभेच्छुक, आणि कोपऱ्यात नेटवरून घेतलेलं अ‍ॅम्पचं चित्र. ते चित्र वॉशिंग मशीनचं होतं, हे पोरीनं दाखवून दिलं तेव्हा फ्लेक्स लागून गेला होता. मग सत्कार. माझा सत्कार, देणगीदारांचा सत्कार, ट्रान्सफॉर्मर जे करणार होते त्या बिरदेवांचा आगाऊ सत्कार, आणि फ्लेक्स वेळेत दिला म्हणून फ्लेक्सवाल्याचा सत्कार. प्रत्येकी शाल, श्रीफळ, फेटा. संयोगिताला हारांचं तबक धरायला उभं केलं होतं. योजना तिची, पैसे तिचे, डबा तिच्या आईचा, आणि तबकही तिच्याच हातात! समतेवर मी आजवर किती व्याख्यानं दिली असतील त्याची गणती नाही, पण त्या वेळी मला फेटा नीट बसत नव्हता, त्यामुळे तिकडे लक्ष गेलं नाही.

नारळ लालासाहेबांनी डब्यावरच फोडला. ट्रॅक्टरच्या लोखंडी हुकावर नारळ फोडण्याची सवय असलेल्या माणसाचा हात तो. पहिल्या दोन फटक्यांत डब्याला खड्डा पडला आणि नारळ तसाच राहिला. तिसऱ्याला नारळ फुटला आणि पाणी थेट व्हॉल्व्ह बसवायच्या खोबणीत गेलं. वर हळद-कुंकू, गुलाल, आणि खोबऱ्याचा तुकडा नैवेद्य म्हणून आत. पूजा यथासांग झाली. फंड संपला.

त्यानंतर समितीची बैठक झाली आणि तिथे पाच वॅटचा प्रश्न निघाला. हा आकडा ऐकून सभेनं असं तोंड केलं की जणू कुणी गावाची लाज काढली. लालासाहेबांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि म्हणाले, "पाच वॅट? आवं सर, आमच्या म्हशीच्या गोठ्यातला बलब नऊचा हाय."

संयोगितानं समजावून सांगितलं की व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प लहान असला तरच तो थोड्या आवाजात पूर्ण ताकदीला येतो, आणि तोच स्वर तिला हवा आहे. समितीनं तिचं म्हणणं अतिशय आदरानं ऐकलं आणि बहुमतानं पाचाचे पाचशे केले. विज्ञानाचा प्रश्न हात वर करून सोडवणारे आपण जगातले एकमेव लोक असू. (माझाही हात वर होता. अध्यक्षांच्या शेजारी बसलं की हात आपोआप वर जातो.)

आता पाचशेचा ट्रान्सफॉर्मर उधारीवर कोण देणार? शाल घेऊन बसलेले बिरदेव! त्यांचं उसाच्या पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्याचं दुकान आहे. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "सर, कितीची भरायची? तीनची का पाचची?" मला वाटलं पाच म्हणजे आपलेच पाचशे, म्हणून म्हटलं पाच. ते हॉर्सपॉवरबद्दल विचारत होते. दोन गड्यांनी पोत्यात घालून मोटारसायकलवरून जी वस्तू आणली ती पाहून संयोगिताची आई म्हणाली, ही आपल्या विहिरीवर बसवा. लाडवांच्या डब्यात तिचा नटसुद्धा मावत नव्हता. संयोगिता एवढंच म्हणाली, "अप्पा, हे लावू नका." तोवर लालासाहेबांनी पिन खोचली होती. भर दुपारी आमच्या घराचा, शेजारच्या दोन घरांचा आणि पिठाच्या गिरणीचा फ्यूज एकाच वेळी गेला. अर्धवट दळण घेऊन आठ बायका आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि स्वदेशी चळवळीबद्दल त्या जे बोलल्या ते मी छापील पुस्तकांत कुठे वाचलेलं नाही.

समिती त्या दुपारीच आटोपली. लालासाहेब सध्या गावाला स्वागत-कमान बांधायचा विषय घेऊन बसलेत. मी मात्र मैदान सोडणारा नव्हे. डब्यातलं सुटलेलं कनेक्शन स्वतः जोडून द्यावं, म्हणून सोल्डरिंगची तापलेली कांडी उचलली. दाजी, तीस वर्षांची सवय आहे. मी ती माइकसारखी धरली, टोकाकडून.

तेव्हापासून डबा संयोगिताच्या खोलीत आणि खोलीला आतून कडी. गॅदरिंग पंधरवड्यावर आलं आहे. आई जेवणाचं ताट आत नेऊन देते आणि बाहेर येताना माझ्याकडे असं बघते की जणू मीच गिरणी बंद पाडली. पण मी तत्त्वापासून ढळलेलो नाही. प्रत्येक नव्या विचाराला आरंभी हाल सोसावे लागतात, युरोपात तर लोकांना जाळलं आहे. माझा फक्त तळहात भाजला. आमच्या घरात बाजारचा आवाज येणार नाही, म्हणजे नाही!

अक्काला नमस्कार, यशराजला आशीर्वाद, गुडघ्याला विश्रांती.

तुमचा (मेहुणा असल्यानं नाइलाजानं)
हंबीरराव

ता. क. — तुमच्या यशराजनं पुण्यात घेतलेला तो तयार अ‍ॅम्प सध्या तासगावला पडून आहे असं अक्का म्हणत होती. तो द्राक्षांच्या खोक्यात घालून कराडच्या एस.टी.त कंडक्टरकडे द्यावा, खोक्यावर 'द्राक्षे' असं ठळक लिहावं. कंपनीची पट्टी तेवढी खरवडून टाकावी. इकडे मी त्यावर लाडवांच्या डब्याचं झाकण बसवीन. घरच्या माणसानं विकत घेतलेली वस्तू ही घरचीच, असं माझं यावर पूर्वीपासूनचं मत आहे.

दुसरा ता. क. — अ‍ॅम्प पाठवू नका. मी लिहिलेलं मोठ्यानं म्हणून बघितल्याशिवाय पाकिटात घालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बंद दाराला ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं. वरचा ता. क. संपायच्या आत कडी उघडली. "अप्पा, यशराजदादाचा अ‍ॅम्प आला तर तो तुम्हीच वाजवा," ती म्हणाली. "माझा मी करतेय." आणि मागे टेबलावर मला डबा दिसला, खड्ड्यासकट. त्यात गुळाच्या खड्याएवढे दोन ट्रान्सफॉर्मर बसवलेले. तुम्ही ते गेल्या आठवड्यात पोस्टानं पाठवलेत आणि मला कुणीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी सत्कार ठेवला असता, ही भीती तुम्हाला वाटली असेल. ती रास्त आहे.

तिसरा ता. क. — पुढच्या रविवारी दुपारी ती पहिल्यांदा वीज सोडून बघणार आहे. वीज चालू असताना खोलीत जास्तीचा माणूस नको, हा तुमचा हुकूम आहे म्हणे. आई आत असणार, कारण शॉक बसलाच तर वाळक्या काठीनं पोरीला बाजूला करायला एक माणूस हवं असं तुम्हीच सांगितलंत. जास्तीचा म्हणजे मी. दाजी, हे सगळं पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं. ती माझं ऐकणार नाही आणि का ऐकावं हे मला तीस वर्षांच्या व्यासंगातून सापडत नाही, पण तुमचं ऐकेल. तिला फोन करून म्हणावं, बापाला काठी धरू दे. मी भिंतीला टेकून उभा राहीन, एका हातानं काठी धरीन आणि एक शब्द बोलणार नाही. त्या डब्यातून आवाज आलाच तर आधी तिचाच येऊ दे. आभार मी मानीन, पण तेही ती थांब म्हणेपर्यंतच.