हरसूलच्या झोपाळ्याचा आडवा दांडा

मी, गेणू लक्ष्मण विधाते, वय ६१, कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, राहणार सातपूर कॉलनी, नाशिक, हा कागद कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली लिहीत नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. छाती तेवढी शाबूत नाही. मंगळवारी, म्हणजे ऐन नागपंचमीला, मला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे आणि बुधवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर "काळजी करू नका" असे तीनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर मी केली नसती. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि, कोणास ठाऊक, हेच शेवटचे समजावे.

कलम १. सातपूरचे राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझ्या पश्चात पत्नी कलाबाई हिच्या नावे व्हावे, आणि तिच्यानंतर मुलगा ललित व मुलगी सुवर्णा यांना निम्मे-निम्मे मिळावे. पोस्टातली व बँकेतली शिल्लक कलाबाईची. ललितने तिला "फ्लॅटमध्ये राहायला चल" असा आग्रह करू नये. तिला अंगण लागते.

कलम २. अंगणातले सगळे लाकडी सामान मी स्वतः केलेले आहे. १९९१ साली एका सुताराला बाकडे सांगितले होते. तो आठ महिने "उद्या येतो" म्हणत राहिला. मग मी चिडून, कारखान्यांत मशिनरी ज्या खोक्यांतून येते त्या खोक्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडून वजनावर आणल्या, त्यातलेच खिळे उपटून सरळ केले, आणि दोन रविवारांत बाकडे उभे केले. पुढे टेबल झाले, दोन खुर्च्या झाल्या, कुंड्यांची मांडणी झाली. खोक्याचे लाकूड हलके आणि मऊ असते. त्याला पाणी सोसत नाही आणि वाळवीला ते फार आवडते. म्हणून दर एप्रिलमध्ये पायांना मशीनचे जळके तेल पाजायचे आणि पावसाळ्यात वरून प्लास्टिक बांधायचे. हे ललितने करावे. तो करणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो. बाकडे कलाबाईचे. ती त्यावर बसून भाजी निवडते आणि "डुगडुगतं" म्हणते. ते डुगडुगत नाही, फरशी वाकडी आहे.

कलम ३. करवत, पटाशा, गुण्या आणि गिरमिट ललितला. रंधा मात्र शेजारी यादवराव काठे यांना कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. १९९६ साली त्यांनी तो नेला, पात्याला खाच पाडून परत आणला, आणि वर म्हणाले, "ती होतीच आधी." नव्हती.

कलम ४. हे कलम मी दोनदा लिहून दोनदा फाडले आहे.

सुवर्णा हरसूलला दिली आहे. १९९८ साली तिचे सासरे, माझे व्याही पुंजाराम बोडके, मला म्हणाले, "इवाई, नातीला अंगणात एक झोपाळा करून द्या. पण सागाचा बरं का, आमच्याकडं पाऊस लय." मी लगेच हो म्हणालो. दोन खांब खरोखरच सागाचे मिळाले, जुन्या दाराच्या चौकटीचे. पण ज्याला झोपाळा टांगायचा, त्या वरच्या आडव्या दांड्याएवढा लांब साग मला परवडेना. मी खोक्याच्या दोन फळ्या एकमेकींवर चिकटवून, खिळे ठोकून दांडा केला, फटी लांबी म्हणजे पुटी भरून बुजवल्या आणि सगळ्याला सागवानी रंगाचे दोन हात दिले. व्याह्यांनी खांबावर बोटाने ठकठक करून पाहिले. दांड्यापर्यंत त्यांचा हात पोचला नाही. "अस्सल हाय," म्हणाले. मी तेव्हा गप्प बसलो असतो तरी चालले असते. मी वर म्हणालो, "सागाला काही करावं लागत नाही."

त्यामुळे त्यांनी काही केले नाही. चार पावसाळे तो दांडा उघड्यावर भिजला, हा पाचवा. माझ्या बाकड्याला मी प्लास्टिक बांधतो, आणि माझी नात वैष्णवी ज्याला लोंबकळते त्याला काही नाही.

गेल्या रविवारी सुवर्णाचा फोन आला. "आबा, झोपाळा हल्ली कुरकुरतो हो. पंचमीला गल्लीतल्या सगळ्या पोरी येणार झोके घ्यायला. वैष्णवीने तर आत्ताच सगळ्यांचे नंबर लावलेत." तेव्हाच सांगायला हवे होते. पण व्याही तिच्या शेजारीच बसले असतील असे वाटले, आणि माझ्या तोंडून निघाले, "कड्यांना तेल घाल." त्या दिवसापासून मला झोप नाही. जेवतानाही मला ते कुरकुरणे ऐकू येते. वैष्णवी सात वर्षांची आहे.

<s>तरी माझ्या पश्चात ललितने सर्वप्रथम, तिरडीचे सामान आणण्याच्याही आधी, हरसूलला फोन करून तो दांडा उतरवायला सांगावे.</s>

कलम ५. येथवर शुक्रवारी लिहिले. शनिवारी साक्षीदार म्हणून यादवरावांना बोलावले. ते चष्मा लावून सगळे वाचत बसले. कलम ३ वर म्हणाले, "खाच होतीच." कलम ४ वाचून त्यांनी कागद खाली ठेवला.

"गेणूभाऊ, पंचमी मंगळवारी आणि ऑपरेशन बुधवारी."

"हो."

"मग हा कागद पंचमीच्या आधी कोण वाचणार? आणि ऑपरेशन चांगलं झालं, तर कोणीच वाचणार नाही. पोरी वाचायच्या असतील तर तुम्ही सोमवारपर्यंत मरायला पाहिजे, असं लिहिलंय तुम्ही."

मी फोनपाशी गेलो, चार आकडे फिरवले आणि ठेवून दिला. पुन्हा तोंडून तेलच निघेल अशी भीती वाटली. कलाबाई दारात उभी राहून सगळे ऐकत होती. तिने मला बाजूला सारले आणि स्वतः फोन लावला. "सुवर्णा, झोपाळ्यावर कोणाला बसू देऊ नकोस. आम्ही उद्या येतोय. का ते तुझे आबा सांगतील."

कलम ६. रविवारी सकाळच्या एसटीने कलाबाई, यादवराव आणि मी हरसूलला आलो. घाटात छातीत दुखले. कोणाला बोललो नाही, येथे नोंदवतो. अंगणात सर्वांसमोर मी सांगितले की दांडा खोक्याचा आहे, सागाचा नाही, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. व्याह्यांनी शिडी लावली आणि कडी अडकवलेल्या जागी स्क्रू ड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

सुवर्णा बोलली. "आबा, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तेल घाल. मी तेल घातलं आणि तिला बसवलं."

घराचा निम्मा वाटा मी तिला लिहून दिला आहे. या बोलण्यापोटी तिला काय लिहून द्यावे ते मला कळत नाही. बुधवारी मी उठलो नाही, तर माझे तेवढेच शब्द तिच्या लक्षात राहतील याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटते. कलम ४ चे शेवटचे वाक्य मी माझ्या हाताने खोडले आहे, कारण आता त्याचे काम उरले नाही. बाकीचे कलम राहू द्यावे, आणि ते वैष्णवी मोठी झाल्यावर तिलाही वाचू द्यावे.

ठिकाण : हरसूल, ता. त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक
दिनांक : ११ ऑगस्ट २००२

लिहून ठेवणार : गेणू लक्ष्मण विधाते (सही)

साक्षीदार १ : यादव काठे, सातपूर कॉलनी (सही). लिहून ठेवणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते.

साक्षीदार २ : पुंजाराम बोडके, हरसूल (सही). सही माझ्यासमोर झाली. दांडा म्या खाली काढला, गुडघ्यावर टेकवला अन् दोन्ही हातांनी दाबला. मोडला. माझं वय अडुसष्ट हाय.