देवाप्पाच्या जटा

चामराजपेट, बेंगळूर
१२ ऑक्टोबर १९६९

देवाप्पा, बाळा,

तू लंडनला परत गेल्याला सहा महिने झाले. तू ठेवून गेलेली ती जमैकाची तबकडी काल शेजारच्यांकडे लावून ऐकली. ठोका पडेल वाटतं तिथं पडत नाही, मग मागून पडतो. तू तशीच मान हलवायचास.

तू म्हणाला होतास, "अक्का, तिथल्या जमैकाच्या मित्रांचा देव मला पटला. केस कापायचे नाहीत, असं व्रत घेतलंय." मी नुसतं "सरी, सरी", बरं बरं, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुला बघायला मुलीकडचे यायचे होते ना! तेल लावते म्हणून तुझं डोकं मांडीवर घेतलं. तुझा डोळा लागला आणि मी कात्री चालवली.

जागा झालास, डोक्यावरून हात फिरवलास आणि एवढंच म्हणालास, "अक्का, तू?"

माझ्या पदराखाली लहानपणापासून यल्लम्माची जट आहे. सासरचे ती कापायला निघाले, तेव्हा तूच आडवा आला होतास.

तुझ्या जटा देव्हाऱ्यात ठेवल्यात. माझ्या जटेला भंडारा लावते, तेव्हा त्यांनाही लावते. तुझ्या देवाला तो चालतो का, हे विचारायलाही तोंड नाही. हे पत्रही तिथंच ठेवते.

तुझी अपराधी,
गंगव्वाक्का