दादाच्या पीसीतली राख

रविवार, १२ ऑक्टोबर २००८, अंबरनाथ पूर्व

आज शेवटी दादाचा पीसी खोललाच. दादा गेल्यापासून गेम लावला की दहा मिनिटांत अडकायला लागायचा, मग तापून बंद पडायचा. मला वाटलं, ग्राफिक्स कार्ड गेलं. कार्ड ठीक आहे. प्रोसेसरचा पंखा राखेने जाम झालाय. अगरबत्तीच्या राखेने!

टेबलावर पीसीला लागूनच दादाचा फोटो आहे. आई रोज संध्याकाळी त्याच्यापुढे अगरबत्ती लावते. आणि कॅबिनेटची साइड दादानेच कायमची काढून ठेवलेली. म्हणायचा, "हवा लागू दे त्याला." उल्हासनगरहून एकेक पार्ट आणून जोडला होता त्याने. आता त्यात सगळी राख. आईला सांगू? कसं सांगू?

ब्रशने साफ केलं. बोटांना अजून अगरबत्तीचाच वास येतोय. साइड लावायला घेतली तर आई म्हणाली, "राहू दे, त्याने उघडी ठेवलीय." राहू दिली.

गेम चालला, अडकला नाही. आईने दारातूनच विचारलं, "बरा झाला ना गं?"

मी हो म्हटलं.

हॉस्पिटलमध्येही ती मला रोज विचारायची, "बरा होईल ना गं?" तेव्हाही मी हो म्हणायचे.