गुडघ्याचा आकडा

पालिओमिलो,
६ ऑक्टोबर

चि. पोलिक्सेनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरने आणून दिलं. फोनही केला होतास म्हणे. पण या कानांना फोनवर नुसत्या मधमाश्या ऐकू येतात, तेव्हा पत्रच बरं. उन्हाळ्यात तुमच्या इस्पितळाने माझ्या गुडघ्याच्या नसा थंड सुईने गोठवल्या, त्याचं काय सांगू! दर सोमवारी आरोग्य केंद्रातली अर्गिरो नर्स येते आणि शून्य ते दहामध्ये दुखणं किती म्हणून विचारते. मी आठ सांगते. सुईच्या आधीही आठच होतं. मेलं माझं नशीब!

बाकी गावात नवीन काही नाही. रविवारी टेकडीवरच्या प्रार्थनाघरात दिवा लावून आले. येताना रानभाजी खुडली आणि सकाळभर उभ्याने पीठ लाटून भाजी भरलेली पीता केली. आळीतल्या स्टव्रुलाच्या नातीचं लग्न झालं. स्टव्रुलाचाही गुडघा तुमच्याच सुईचा, तिचं दुखणं म्हणे नऊ. पण मेलीने मला नाचाच्या रांगेत ओढलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

तू कधी येतेस? तुझ्याकडे यायचं तर तीन जिने, लिफ्ट नाही. तिथवर मला आता देवच पोचवेल. मावशीची माया आहेच. तू तिकडून ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी,
इवान्थिया


योआनिना,
१५ ऑक्टोबर

ती. इवान्थिया मावशीस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, काळजी नसावी. थोडी दमले एवढंच. भूल देणारे आम्ही पाच जण होतो, त्यातले दोघे जर्मनीला गेले. उरलेल्या तिघांवर सगळा भार. दिवसभर लोकांना झोपवते आणि घरी आल्यावर मला मात्र झोप नाही, अशी गंमत चालली आहे.

एक वाईट बातमी आहे. थंड सुईचा आमचा अभ्यास बहुतेक बंद होणार. दुसऱ्या देशांत या सुईने लोकांना काही महिने आराम पडतो. आपल्या डोंगरातल्या गावांतून मात्र सगळ्यांचे आकडे आठ नाहीतर नऊ. मोठे डॉक्टर म्हणाले, उपयोग नसेल तर यंत्र परत पाठवून देऊ. गोठवलेल्या नसा वसंतात पुन्हा जाग्या होतील, तेव्हा तुम्हा कोणालाच दुसरी सुई मिळणार नाही. ही पद्धत मीच हट्टाने इथे आणली होती. फार लागलंय गं मनाला.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. टेकडी, लाटणं, नाच! गेल्या वर्षी तू भिंत धरून न्हाणीपर्यंत जात होतीस. मावशी, आकडा कमी सांग असं मी म्हणणार नाही. आमच्या कामात ते पाप. जे खरं असेल तेच सांग.

माझा राग आला तरी लोभ राहू दे.

तुझी,
क्सेनी


पालिओमिलो,
२१ ऑक्टोबर

चि. क्सेनीस,
आशीर्वाद, आणि जरा कान पिळून.

डॉक्टरीण झालीस म्हणून कुठल्या गावची ते विसरलीस? आपल्यात बरं वाटतंय असं तोंडाने कोण बोलतं? दृष्ट लागते. तुझ्या बाप्तिस्म्याला तुझ्या आईने सगळ्यांना सांगितलं की पोर काय कुरूप झालीय, आणि तुझ्यावर तीनदा थुंकली. म्हणून तर तू टिकलीस. अर्गिरो येते तेव्हा अर्धी आळी दारात उभी असते. त्यांच्यादेखत मी एक म्हणू?

हो, एक. कधी कधी तेवढंही नाही.

माझा नवरा, तुझा काका थिमिओस, गेला त्या सकाळी झऱ्यावर मी बोलून गेले होते की यंदा आमचं छान चाललंय. दुपारी त्याला ट्रॅक्टरखालून काढला. तेव्हापासून माझ्या तोंडून चांगला शब्द गेला नाही. तुला वाटेल म्हातारी खुळी आहे. असेन. पण मी एक म्हटलं तर त्याची भरपाई कोणाकडून होणार? माझं असं आता तू एकटीच उरलीस. तू प्रत्येक पत्रात बेधडक मजेत आहे म्हणून लिहितेस, तेव्हा मी घाबरून कागदावर थुंकते.

आता तूच सांग, तुझा आकडा किती? खरा. मग माझं बघू.

चिडले असले तरी तुझीच,
मावशी


योआनिना,
३० ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न.

आठ.

खोडणार होते. पण खरं सांग असं तुला मीच बजावलं ना?

परवा ऑपरेशन संपल्यावर कपडे बदलायला बसले आणि मला उठताच येईना. रोग्याला काही झालं नाही. घरी येते, पाव उभ्यानेच खाते. आई गेल्यापासून कशी आहेस म्हणून विचारणारं कोणी नाही, त्यामुळे मजेत लिहायची सवय लागून गेली. रडावंसं वाटतं, तेवढी ताकदही नसते.

तेव्हा तू घाबरू नकोस. माझ्याकडे सध्या दृष्ट लागावी असं काही नाही. बिनधास्त खरं बोल. आणि यापुढे प्रत्येकाला दार लावून एकट्याने विचारायचं, असं अर्गिरोला सांगितलं आहे.

तू आहेस, एवढं पुरे.

क्सेनी


पालिओमिलो,
४ नोव्हेंबर

चि. क्सेनीस,
पोटभर आशीर्वाद.

काल अर्गिरो आली. दार लावलं. मी एक म्हटलं आणि लगेच चुलीत तीनदा थुंकले. स्टव्रुलाने दोन सांगितलं. आळीत मात्र अजून नऊच सांगत फिरते. अर्गिरो म्हणाली, सगळ्यांचे आकडे असेच निघाले तर मोठ्या डॉक्टरांना यंत्र ठेवून घ्यावंच लागेल. मग ती बिचारी खुर्चीत बसून हसत सुटली.

आता तुझं बघू. हे पत्र ड्रायव्हरकडे आज देते आणि उद्याच्या बसने मागोमाग मीच येते. पीता आणते, अंडी आणते. इस्पितळात सांगून ठेव, तुला दोन दिवस बरं नाही; खोटं नाहीच ते. तू झोप, मी दाराशी बसेन. फोन वाजला तर मला ऐकू येत नाही, ते बरंच आहे.

जिन्यात हात द्यायला खाली उतरू नकोस. तिन्ही जिने मी चढेन.

आणि झोपून उठल्यावर बरं वाटलं, तर बाहेर कोणाला बोलू नकोस. मला मात्र सांग. जरा मोठ्याने.

तुझी मावशी