आत्याचं पडसं

दोंडाईचा,
ता. १६ जानेवारी १९५७

प्रिय शालिग्राम यास लीलाधरचा नमस्कार.

पत्राच्या माथ्यावर श्री नाही आणि कोपरा फाडलेला आहे, त्यावरून तू ओळखलंच असशील. आपली झुंबरआत्या गेली. वाचून झाल्यावर रीतीप्रमाणे आंघोळ कर. न जमलं तर निदान साबणाने हात धू. ते सुतकासाठी नाही, कारण पुढे येईल. तुझी आणि सावद्याच्या केळीची प्रकृती बरी असावी. माझी उत्तम आहे, आणि सध्या तीच अडचण झाली आहे.

आत्याची नणंद भिकुबाई पिंपळनेरहून आल्या त्या गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढून. त्यांना पडसं झालेलं होतं. दुखवट्याला दारावर आलेली बाई प्रत्येकीच्या गळ्यात पडून रडते हे तुला माहीत आहे, आणि भिकुबाई कुणाला वगळत नाहीत. (एक बाई नुसती दळण घेऊन चालली होती, तिच्याही गळ्यात पडल्या.) हात नाकाला, मग तोच हात पुढचीच्या गालावर. दोन-तीन दिवसांत सगळं घर नाक ओढू लागलं. पुरुषही सुटले नाहीत, कारण चहाच्या कपबशा विसळायला एकच बादली. गल्ली म्हणू लागली, एवढा शोक दोंडाईच्यात कुणाचा झाला नव्हता. सगळ्यांत पुढे भिकन, आत्याचा सासरकडचा पुतण्या. आत्या अंथरुणावर असताना तो एकदाच आला होता, तोही शिडी मागायला. आता त्याचे डोळे लाल, घसा बसलेला, पंचा ओला.

घोटाळा इथे झाला. आत्याला मूलबाळ नाही, माझा दहावा लीलाधरने करावा असं ती सांगून गेली होती. पण तिच्या सासरचे वडीलधारे झुलालआबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुना डोयामा पानी नही शे का रे? भिकन देख, कसा रडी राहिना." आणि दहावा भिकनने करावा असं ठरत चाललं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, चारचौघांत मला रडता येत नाही. शेवटी मी डॉक्टरांकडे गेलो आणि मला पडसं हवं आहे असं सांगितलं. ते म्हणाले, याचा विषाणू इतका बारीक की त्यांच्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतही दिसत नाही. शिंकेतून उडतो, हातावरून नाकाडोळ्यांत जातो, आणि आत गेल्यावर आपली पिलावळ वाढवतो. मी भिकुबाईंना खेटून बसलो, भिकनच्या पंचाने तोंड पुसलं. एक शिंक आली नाही.

डॉक्टरांनी मग विचारलं, इतक्यात कधी झालं होतं का? झालं होतं. गेल्या महिन्यात आत्यालाच झालं होतं. तिचं नाक मीच पुसायचो, तेव्हा मला लागलं. त्याच दिवसांत भिकुबाईंचा मुलगा तिला भेटायला येऊन गेला. पडसं त्याच्याबरोबर पिंपळनेरला गेलं, त्यांच्या घरभर फिरलं आणि भिकुबाईंच्या नाकातून परत दारावर आलं. एकदा झालेलं तेच पडसं लगेच पुन्हा होत नाही म्हणतात. म्हणजे तिची सेवा केली म्हणून माझे डोळे कोरडे. हे आबांना समजावलं, तर ते नाक शिंकरत म्हणाले, "मंग मनं रडनंबी खोटं म्हनस का?"

आत्या नेहमी विचारायची, "मना मांगे कोन रडी रे?" तिने कुणावर विसंबून न राहता सगळी तजवीज स्वतःच करून ठेवली.

तुझा,
लीलाधर

ता. क. रविवारी दहावा आहे. तू आधी ये. शाळेत असताना तूही तिच्या हातचं जेवला आहेस, आणि हे पडसं तुला झालेलं नसावं. आल्याबरोबर भिकुबाईंच्या शेजारी बस. माझ्या बाजूने रडणारा एक तरी माणूस आबांना दिसायला हवा. रुमाल दोन आण.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी आत्याचा चष्मा पुसून ठेवला, तेव्हापासून माझं नाक वाहतंय. डोळेही. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हे पडसं नव्हे. रुमाल तीन आण.