लाल फडक्यातल्या दोन कादंबऱ्या

सानगडी, रविवार, १० डिसेंबर १९७८

काय गरज होती त्या लाल फडक्याची? संध्याकाळपासून हेच डोक्यात घोळतंय.

लग्न होऊन एकोडीला जाताना माझी मैत्रीण शांता म्हणाली होती, "यंदा तुले सगळ्यात जास्त आवडलं तेच मले वाचाले दे." दोन कादंबऱ्या दिल्या. पहिली एका गोंड मास्तरांनी लिहिलेली. तिच्यात तलावाच्या तळाशी आख्खं नगर असतं आणि मासे पहारा देतात. दुसरी एका मुसलमान बाईंची प्रेमकथा. ती संपल्यावर दोन दिवस मला धड जेवण गेलं नव्हतं. तिच्या सासूला कादंबरी खपत नाही, म्हणून दोन्ही लाल फडक्यात घालून मीच दुहेरी गाठ मारली. म्हटलं, पोथी आहे म्हणून सांग. केवढी हुशार मी!

आज एकोडीला तिच्याकडे गेले. विचारलं, तलावापर्यंत पोचलीस का? तिनं देवघराकडे बोट दाखवलं. लाल फडकं तिथं. वर हळदकुंकू, झेंडूचं ताजं फूल.

"सासूनं पयल्याच दिवशी नेऊन ठेवलं. म्हणते, पोथीची गाठ बाईनं नाही सोडाची."

"मग दुसरी आणू? साध्या कागदात?"

"नको आणू वं. आता वाचाची सवयच गेली माही."

सात महिन्यांत?

निघताना सासूबाईंनी मलाही देवघरापुढे नमस्कार करायला लावला. वाकले. गाठ माझीच होती, तशीच्या तशी.