थाळ्या बडवायला शिष्यवृत्ती

ती. ताईस, सोलहून धाकटीचा नमस्कार.

संत्र्यांची पेटी पोचली. माझा गुडघा बरा आहे. तुझा खोकला गेला का?

काल विद्यापीठात बाबांच्या ट्रस्टची बैठक झाली. आपल्या जेजू बेटावरची एक मुलगी, यांग हेरिन, शिष्यवृत्ती मागत होती. विषय काय, तर थाळ्या बडवत बुडालेल्यांचा जीव समुद्रातून बोलावणाऱ्या देवऋषिणी. मी म्हटलं, "बाई, हा पैसा धर्माच्या अभ्यासासाठी आहे, थाळ्या बडवायला नाही." प्राध्यापक मंडळी चहाच्या कपात बघत बसली. एकालाही कणा नाही.

पोरगी शांतपणे म्हणाली, "आजी, ज्या घरात हा विधी झालाच नाही, तिथल्या माणसांचं काय होतं, तेही लिहायचंय मला."

मला आई आठवली. ग्यूहोदादा बुडाला तेव्हा तिनं देवऋषीण बोलावली होती. मी कॉन्व्हेंटमधून नुकतीच आलेली, मोठी शहाणी. मीच त्या बाईला दारातून हाकललं. पुढे आई मरेपर्यंत रोज किनाऱ्यावर बसायची, आणि मी लोकांना सांगायचे, हवा खायला जाते.

शिष्यवृत्तीवर मी सही केली. हेरिनला असं एक घर हवं होतं, तर आपल्याच, तू राहतेस त्या घराचा पत्ता दिला. ती आली की काही झाकू नकोस. माझं नावसुद्धा.

तुझी,
जोंगसुन